पेशी कोणाची लागते?

वाचकांचे प्रश्न : सैनिक आणि कायदा

प्रश्न : मी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि आता खानापूर तालुक्यातील माझ्या गावी शेती पाहतो. माझ्या थोरल्या मुलीचा मुलगा अमेरिकेत वाढला आणि ग्रीन कार्डावर तो गेल्या वर्षी तिथल्या सैन्यात भरती झाला. घरातली चाकरी तिसऱ्या पिढीत पुढे गेली याचे समाधान आहे. परंतु तिथे काळ्या आणि इतर वर्णांच्या सैनिकांना गोऱ्यांपेक्षा जास्त शिक्षा होतात, असे मुलीच्या वाचनात आले आणि तिने धसका घेतला आहे. माझा स्वतःचा अनुभव असा की एकदा वर्दी अंगावर चढली की जात, रंग, मुलूख हे सारे बराकीच्या बाहेर राहते. एका लंगरात जेवणारी माणसे न्यायाच्या वेळी एकमेकांत फरक कसा करतील? हे खरे आहे की वर्तमानपत्रांनी फुगवलेले आहे?

उत्तर : सुभेदार साहेब, आपल्या मुलीची काळजी निराधार नाही, हे आधीच स्पष्टपणे सांगतो. हा फरक कोणा वार्ताहराने शोधून काढलेला नाही, तो अमेरिकेच्या सरकारने आणि सैन्याने स्वतः मोजून कागदावर मांडलेला आहे. तिथल्या संसदेच्या वतीने सरकारी कारभार तपासणाऱ्या कार्यालयाने मे २०१९ मध्ये एक अहवाल दिला. २०१३ ते २०१७ या पाच आर्थिक वर्षांच्या नोंदी तपासून त्यात असे म्हटले आहे की भूदल, नौदल, हवाई दल आणि मरीन या चारही दलांत काळ्या सैनिकांविरुद्ध चौकशी नोंदवली जाण्याची आणि पुढे त्यांच्यावर मोठे कोर्ट मार्शल चालण्याची शक्यता गोऱ्या सैनिकांपेक्षा जास्त होती, आणि हुद्दा व शिक्षण यांसारख्या गोष्टी हिशेबात धरल्यानंतरही हा फरक उरत होता. त्यानंतर डिसेंबर २०२० मध्ये हवाई दलाच्या महानिरीक्षकांनी आपल्याच दलाचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात शिपाई दर्जाच्या काळ्या सैनिकांना कमांडरकडून खातेनिहाय शिक्षा होण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा ७२ टक्क्यांनी आणि कोर्ट मार्शलला सामोरे जाण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी जास्त आढळली. सव्वा लाखाच्या आसपास लोकांनी त्या पाहणीत आपले मत नोंदवले होते.

आता आपल्या अनुभवाविषयी. तो खोटा आहे असे मी म्हणणार नाही, कारण माझाही तसाच आहे. बर्फातल्या चौकीवर रात्रीचा पहारा बदलायला येणारा जवान कोणत्या जातीचा, हे मी कधी विचारले नाही आणि मलाही कोणी विचारले नाही. परंतु लंगर, कूच आणि लढाई यांत माणसे एकमेकांवर अवलंबून असतात. शिक्षेच्या खोलीत तसे नसते. तिथे एकजण टेबलामागे बसलेला असतो, दुसरा टेबलासमोर सावधान उभा असतो, आणि समोरच्या माणसाविषयी मनात आधीपासून काय आहे याला तिथे मोठे वजन येते.

एक प्रसंग सांगतो. मी तरुण कॅप्टन असताना एका युनिटमध्ये ॲडज्युटंट, म्हणजे कमांडिंग ऑफिसरचा (सीओ) कारभार पाहणारा मदतनीस अधिकारी होतो. पेशीच्या दिवशी, म्हणजे चुकलेल्या जवानांना शिक्षेसाठी सीओंसमोर उभे करतात त्या दिवशी, मी सीओ साहेबांच्या टेबलाशेजारी कागद घेऊन उभा राहत असे. त्या सकाळी रजा संपूनही चार-चार दिवस उशिरा आलेले दोन जवान होते. सुभेदार मेजर साहेबांनी टोपी-बेल्ट उतरवून पहिल्याला आत आणले. हा मुलगा युनिटच्या हॉकीच्या संघात होता, हिंदी सफाईने बोलत होता, आईच्या आजारपणाची हकिगत त्याने नीट क्रमाने सांगितली. साहेबांनी समज देऊन त्याला सोडले. दुसरा डोंगराळ मुलखातला, युनिटमध्ये त्याच्या भाषेचा दुसरा कोणी नव्हता. कारण विचारल्यावर तो फक्त ‘गलती हो गया साब’ एवढेच म्हणाला, आणि पुन्हा विचारल्यावर पुन्हा तेच म्हणाला. त्याला चौदा दिवसांची शिक्षा झाली. दोघांना मिळून सहा-सात मिनिटे लागली असतील. दोघांचे रजेचे पास माझ्या हातात होते आणि त्यांवरच्या तारखा अगदी सारख्या होत्या. सीओ साहेब दुष्ट नव्हते, जवानांच्या मुलांची फी स्वतःच्या खिशातून भरणारे ते गृहस्थ होते. त्या दुसऱ्या मुलाच्या घरी काय घडले होते ते संध्याकाळी त्याच्या गावाकडच्या पत्रावरून कळले, आणि तोपर्यंत नोंद होऊन गेली होती. मी त्या खोलीत काही बोललो नाही, याची खंत मला आजही आहे.

अमेरिकेत १९५० साली झालेल्या सैनिकी न्यायसंहितेचे पंधरावे कलम म्हणजे आपल्या या पेशीसारखेच आहे. कोर्टात न जाता कमांडरने किरकोळ गुन्ह्याला पगार कापणे, हुद्दा उतरवणे, आवाराबाहेर जाण्यास बंदी घालणे अशा शिक्षा द्याव्यात, अशी ती तरतूद आहे. शिस्तीसाठी ती लागते, हे मान्य. पण एखाद्याचा उशीर हा ‘मुलगा आहे, चुकला’ या सदरात टाकायचा की ‘हा असाच आहे’ या सदरात, हे ठरवणारा माणूस एकच असतो आणि त्याच्या डोक्यावर त्या क्षणी कोणी नसतो. हवाई दलाच्या आकड्यांत मोठी तफावत कोर्ट मार्शलपेक्षा या पंधराव्या कलमाच्या शिक्षांत दिसते, हे मला अजिबात योगायोगाचे वाटत नाही.

वाईट याचे वाटते की ही गोष्ट त्यांना आजच कळलेली नाही. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी हुकूम काढून सैन्यातील वर्णभेद संपवायचे ठरवले. त्यानंतर चोवीस वर्षांनी, व्हिएतनामचे युद्ध चालू असताना, तिथल्या संरक्षणमंत्र्यांनी नेमलेल्या कार्यगटाने नोव्हेंबर १९७२ मध्ये लिहून दिले की सैनिकी न्यायात वर्णभेद आहे, काही ठिकाणी तो जाणूनबुजून केलेला आहे आणि काही ठिकाणी तो व्यवस्थेतच मुरलेला आहे. १९७२ च्या आणि २०२० च्या अहवालांमध्ये जवळजवळ अर्धे शतक गेले आहे.

त्याआधीचा इतिहास तर अंगावर काटा आणणारा आहे. टेक्सासमधील ह्यूस्टन शहरात २३ ऑगस्ट १९१७ च्या रात्री, शहरात रोज होणारा अपमान आणि पोलिसांची मारहाण यांनी पेटलेल्या चोविसाव्या इन्फंट्रीच्या काळ्या सैनिकांनी हत्यारे उचलली आणि त्या दंग्यात माणसे मेली. पहिल्याच खटल्यात ६३ आरोपी एकत्र उभे केले गेले आणि त्या सर्वांच्या बचावासाठी एकच अधिकारी दिला गेला. त्यांतील तेरा जणांना ११ डिसेंबरच्या पहाटे फाशी देण्यात आली. वरिष्ठांकडे दाद मागण्याची संधी तर सोडाच, फाशी झाल्याची बातमीही लोकांना नंतर कळली. पुढच्या खटल्यांनंतर फाशी गेलेल्यांची संख्या १९ झाली. या प्रकरणाने एवढा गदारोळ झाला की वरच्या पातळीवर तपासणी झाल्याखेरीज मृत्युदंड अमलात आणू नये, असा नियम सैन्याला जानेवारी १९१८ मध्ये करावा लागला. म्हणजे आज तिथल्या प्रत्येक गोऱ्या-काळ्या सैनिकाला जे संरक्षण आहे, त्याची सुरुवात या तेरा जणांच्या मरणातून झाली. दोषी ठरवलेल्या ११० सैनिकांची शिक्षा त्यांच्या सैन्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केली, तेव्हा त्यांपैकी कोणी हयात असण्याचा प्रश्नच नव्हता.

कॅलिफोर्नियातील पोर्ट शिकागोची हकिगतही आपल्यासारख्या जुन्या सैनिकाने जाणून घ्यावी अशी आहे. जहाजांवर दारूगोळा चढवण्याचे काम काळ्या नौसैनिकांचे आणि देखरेख गोऱ्या अधिकाऱ्यांची, अशी तिथली विभागणी होती. दारूगोळा हाताळण्याचे धड शिक्षण कोणाला दिलेले नव्हते. १७ जुलै १९४४ रोजी स्फोट झाला आणि ३२० माणसे गेली, त्यांतील २०२ काळी होती. गोऱ्या अधिकाऱ्यांना सावरण्यासाठी रजा मिळाली आणि वाचलेल्या काळ्या नौसैनिकांना पुन्हा तेच काम करण्याचा हुकूम झाला. २५८ जणांनी नकार दिला आणि त्यांतल्या पन्नास जणांवर बंडाचा खटला चालून ते दोषी ठरले. खटला चालू असताना थर्गुड मार्शल नावाचे तरुण वकील तिथे जाऊन बसले होते, आणि ‘हा खटला या पन्नास जणांवर नाही, काळ्यांशी वागण्याच्या नौदलाच्या धोरणावर आहे’ अशा आशयाचे त्यांनी उघडपणे सांगितले. तेच पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले काळे न्यायमूर्ती झाले. नौदलाने या सर्वांना निर्दोष ठरवले ते १७ जुलै २०२४ रोजी, म्हणजे बरोबर ऐंशी वर्षांनी.

आता आपल्या नातवाविषयी. त्याला घाबरवू नका, पण तीन गोष्टी कानावर घाला. पहिली ही की चौकशीसाठी बोलावल्यावर गप्प राहण्याचा त्याला हक्क आहे आणि त्याच्यावर संशय असेल तर प्रश्न विचारण्याआधी तो हक्क त्याला सांगणे तिथल्या कायद्याच्या एकतिसाव्या कलमानुसार बंधनकारक आहे. अमेरिकेतील नागरी पोलिसांवर असे बंधन १९६६ मध्ये आले, सैनिकांसाठी ते १९५० च्या संहितेतच आहे. आपल्या घरची शिकवण ‘साहेबांनी विचारले की खरे ते सांगून मोकळे व्हायचे’ अशी असते. ती चांगलीच आहे, पण आधी वकिलाशी बोलून मग सांगितल्याने खरे काही कमी होत नाही. दुसरी गोष्ट, सर्वांत लहान प्रकार सोडला तर कोर्ट मार्शलमध्ये त्याला सैन्याकडून बचावाचा वकील विनामूल्य मिळतो आणि तो वकील त्याच्या कमांडरच्या हाताखालचा नसतो. तिसरी गोष्ट, पंधराव्या कलमाची शिक्षा नाकारून ‘माझा खटला कोर्ट मार्शलपुढे चालवा’ असे तो म्हणू शकतो, मात्र जहाजावर नेमणूक असल्यास हा हक्क नाही. हा हक्क वापरायचा की नाही हे वकिलाला विचारल्याशिवाय ठरवू नये, कारण कोर्टात दोष सिद्ध झाला तर शिक्षा मोठी होते.

सुधारणा झाल्या नाहीत असे नाही. खून, बलात्कार अशा गंभीर गुन्ह्यांत खटला भरायचा की नाही हा निर्णय २८ डिसेंबर २०२३ पासून कमांडरकडून काढून स्वतंत्र सैनिकी अभियोक्त्यांकडे दिला गेला आहे. माझ्या मते हे पाऊल योग्यच आहे, पण रोजची पेशी मात्र अजून कमांडरच्याच टेबलावर आहे.

प्रश्न : मी बेळगावात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. आपल्या मागील लेखात उल्लेख केलेला अमेरिकेचा २०१९ चा अहवाल मी वाचला. त्यात असेही म्हटले आहे की खटला उभा राहिल्यावर दोषी ठरण्याच्या शक्यतेत वर्णामुळे फरक पडलेला दिसत नाही. मग न्यायालय निष्पक्षच आहे असे का म्हणू नये? आणि आपल्याकडे वर्ण नाही, पण जात आणि प्रांत आहेत. भारतीय सैन्याच्या कायद्यात असे काही आढळते का?

उत्तर : आपण अहवाल मुळातून वाचलात याचा आनंद वाटला, आणि आपण बोट ठेवले आहे ती जागा नेमकी आहे. तो अहवाल काळजीपूर्वक लिहिलेला आहे. तफावत दिसते म्हणजे भेदभाव सिद्ध झाला असे तो म्हणत नाही, कारणांचा शोध सैन्याने घ्यावा असे म्हणतो. दोषी ठरण्याच्या टप्प्यावर वर्णाचा फरक दिसत नाही, ही गोष्ट त्या न्यायाधीशांच्या आणि निकाल देणाऱ्या सैनिकी पंचांच्या श्रेयाची आहेच. पण त्याचा दुसरा अर्थही पाहा. दोन सारख्याच वस्त्यांपैकी एकीतल्या शंभर घरांची झडती घेतली आणि दुसरीतल्या दहा घरांची घेतली, तर झडतीनंतरचा न्याय कितीही चोख असला तरी पहिल्या वस्तीतले जास्त लोक कोर्टात दिसणार. अन्याय झाला असेल तर तो झडती कोणाची घ्यायची हे ठरताना झाला, आणि तिथे न्यायाधीश नव्हता.

शिवाय निर्दोष सुटणे म्हणजे काही न गमावणे नव्हे. पुढे बेसबॉलमध्ये जगप्रसिद्ध झालेले जॅकी रॉबिन्सन १९४४ मध्ये सैन्यात लेफ्टनंट होते. टेक्सासमधील छावणीच्या बसमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसण्यास त्यांनी नकार दिला, त्यावरून त्यांच्यावर कोर्ट मार्शल झाले आणि २ ऑगस्ट १९४४ रोजी ते निर्दोष सुटले. दोषसिद्धीच्या तक्त्यात हा खटला न्याय झाल्याच्या रकान्यात बसतो. पण त्यांची रणगाडा बटालियन त्यांच्याशिवाय युरोपच्या आघाडीवर गेली आणि त्यांना लढाई कधी पाहायला मिळाली नाही.

पंच निवडण्याच्या बाबतीतही एक निकाल आपण अभ्यासावा. काळ्या आरोपीला न्याय वाटावा म्हणून पंचांत जाणीवपूर्वक काळा सैनिक घेणे योग्य, असे तिथल्या सैनिकी अपील न्यायालयाचे १९६४ पासूनचे मत होते. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने ते मोडीत काढले आणि वर्ण पाहून पंच घेऊ नयेत आणि वगळूही नयेत, असे ठरवले. या निकालाच्या दोन्ही बाजूंनी प्रामाणिक माणसे बोलू शकतात. मला स्वतःला असे वाटते की वर्ण न पाहण्याचा नियम तेव्हाच न्याय्य ठरतो, जेव्हा पंच होण्याइतक्या हुद्द्यावर सर्व वर्णांची माणसे पुरेशी पोहोचलेली असतात.

आता आपल्या घराकडे वळू. वर्ण आपल्या सैनिकी कायद्यात नव्हता, हे आपले म्हणणे मात्र बरोबर नाही. समरी कोर्ट मार्शल हा प्रकार आपण अभ्यासात वाचला असेल. त्यात कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायालय असतो, तोच निकाल देतो, एक वर्षापर्यंतचा तुरुंगवास आणि नोकरीतून बडतर्फी अशा शिक्षा देऊ शकतो, आणि त्या निकालाला वरच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीची गरज लागत नाही. मोठ्या कोर्ट मार्शलमध्ये आरोपीला एखाद्या सदस्यावर हरकत घेता येते, पण इथे हरकत घ्यायची तरी कोणावर? ही रचना १८५७ नंतर देशी शिपायांसाठी आली. त्याच छावणीत राहणाऱ्या गोऱ्या शिपायाला इंग्लंडचा कायदा लागू होता आणि त्यात एकट्या अधिकाऱ्याचे असे कोर्ट नव्हते. फटक्यांच्या शिक्षेचेही तसेच. गोऱ्या सैनिकांची ती शिक्षा १८८१ मध्ये बंद झाली, हिंदी सैनिकांची १९२० मध्ये. स्वातंत्र्यानंतर १९५० चा आर्मी ॲक्ट आला तेव्हा गोरा शिपाई गेला होता, पण त्याच्यापेक्षा खालचा समजून आपल्यासाठी केलेले एकट्या अधिकाऱ्याचे कोर्ट आपणच आपल्या कायद्यात ठेवून घेतले. तातडीच्या शिस्तीसाठी ते हवे, हा युक्तिवाद मी सैन्यात असताना मीही करत असे. रणभूमीवर किंवा दूरच्या चौकीवर तो आजही पटतो, पण शहरातल्या छावणीत, जिथे तीन अधिकाऱ्यांचे डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शल आठवड्याभरात बसू शकते, तिथे तो मला आता पटत नाही.

जातीविषयी बोलताना आपल्याच गावाची आठवण ठेवायला हवी. आपण कॅम्पातून जाता तेव्हा मराठा रेजिमेंटल सेंटरची फाटके दिसतात. पण महार रेजिमेंटची पहिली बटालियनही १९४१ मध्ये याच बेळगावात उभी राहिली, हे इथल्या पुष्कळ तरुणांना ठाऊक नसते. ती उभी राहण्याआधी अर्धे शतक महारांची भरती लढवय्या जातींच्या सिद्धांताखाली, म्हणजे काही जातीच लढण्यास लायक असतात या इंग्रजांच्या समजुतीखाली, बंद केली गेली होती. ज्यांच्या बापजाद्यांनी मुंबई इलाख्याच्या पलटणींत सुभेदारी केली, त्यांनाच फाटकातून आत येऊ देत नव्हते. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये त्यासाठी अर्ज केले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. शिक्षेतला भेद मोजण्याआधी, कोणाला वर्दी मिळते हाही न्यायाचाच प्रश्न असतो.

आजच्या कायद्याने जातीवरून शिक्षा देता येत नाही आणि संविधानाचे संरक्षण सैनिकालाही आहे, काही हक्कांवर मर्यादा असल्या तरी. पण अमेरिकेच्या अहवालांतून आपण एक धडा उघडपणे घ्यावा असे माझे ठाम मत आहे. तिथेही काही दलांकडे कमांडरने दिलेल्या लहान शिक्षांच्या पूर्ण नोंदी नव्हत्या, आणि तपासणाऱ्यांनी पहिली सूचना केली ती सगळीकडे एकाच पद्धतीने नोंदी ठेवण्याची. आपल्याकडेही पेशीत कोणत्या गुन्ह्याला, कोणत्या मुलखाच्या, कोणत्या मातृभाषेच्या, कोणत्या समाजाच्या जवानाला काय शिक्षा झाली, याची मोजणी व्हावी आणि ती संसदेसमोर यावी. ‘आमच्यात भेद नाही’ असे मनापासून मानणाऱ्या सैन्याला ही मोजणी करायला भीती वाटण्याचे कारण नाही.

भाषेचा उल्लेख मी मुद्दाम करतो. आपण सीमाभागातली माणसे आहोत. सरकारी कार्यालयातला कागद हातात पडला आणि तो आपल्याला वाचताच आला नाही, हा अनुभव इथल्या घराघरात आहे. ज्या भाषेत आरोप वाचला जातो, त्या भाषेत उत्तर देता न येणाऱ्या माणसाकडे समोरचा अधिकारी अपराध्यासारखा पाहू लागतो. आरोप जवानाला कळेल अशा भाषेत समजावून सांगितला पाहिजे, हे तत्त्व आपल्या सैनिकी नियमांत आहे. ते कागदावर न राहता पेशीच्या खोलीत पाळले जाते का, हे आपल्या पिढीच्या वकिलांनी पाहावे.

प्रश्न : आम्ही निपाणीजवळच्या गावचे. माझा धाकटा भाऊ सैन्यात नाईक आहे, बारा वर्षे नोकरी झाली. त्याच्या नावावर लाल शाईच्या (म्हणजे मोठ्या शिक्षेच्या) चार नोंदी झाल्या आहेत आणि आता त्याला घरी पाठवणार असल्याची नोटीस आली आहे. शेवटच्या वेळी त्याच्याबरोबर तीच चूक केलेल्या दुसऱ्या जवानाला फक्त समज दिली गेली. भाऊ म्हणतो, ‘तो त्यांच्याकडचा आहे, मी एकटाच इकडचा.’ आम्ही काय करावे?

उत्तर : ताई, पहिल्यांदा हे लक्षात घ्या की चार लाल नोंदी झाल्या म्हणजे नोकरी आपोआप संपते, हा समज चुकीचा आहे, जरी तो पलटणीपलटणींत पसरलेला असला तरी. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये वीरेंद्रकुमार दुबे यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. सेना मुख्यालयाच्या १९८८ च्या सूचनांनुसार आधी निष्पक्ष चौकशी झाली पाहिजे, आणि सेवा किती झाली, कठीण ठिकाणी किती वर्षे काढली, पेन्शन किती जवळ आली याचा विचार झाला पाहिजे. आपल्या भावाला पेन्शनसाठी लागणाऱ्या पंधरा वर्षांना तीनच वर्षे उरली आहेत, हा मुद्दा त्याच्या उत्तरात सर्वांत वर यायला हवा. तो कोणत्या दुर्गम ठिकाणी किती काळ होता, हे तारखांसह लिहावे.

नोटिशीचे उत्तर मुदतीत आणि लेखी द्यावे. ते रागाने लिहू नये. ‘मला मुलखावरून शिक्षा झाली’ एवढेच लिहिले तर ते सहज फेटाळले जाईल. त्याऐवजी दुसऱ्या जवानाची चूक कोणत्या तारखेची, किती दिवसांची, त्याला काय मिळाले आणि आपल्या भावाला काय मिळाले, हे समोरासमोर मांडावे. दुसऱ्याला शिक्षा व्हावी अशी मागणी त्यात नसावी, मोजमाप एकच असावे एवढीच असावी. आर्मी ॲक्टच्या सव्विसाव्या कलमाखाली वरिष्ठांकडे तक्रार करण्याचा त्याला हक्क आहे, आणि तो वापरला म्हणून शिस्तभंग होत नाही.

तरीही त्याला घरी पाठवले, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येते. हे न्यायाधिकरण २००७ च्या कायद्याने झाले आणि २००९ मध्ये सुरू झाले. त्याआधी कोर्ट मार्शलविरुद्ध अपिलाची स्वतंत्र सोयच नव्हती आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल खेद व्यक्त केला होता. नोकरीतून गेलेल्या माणसाला आपण राहतो त्या भागाच्या खंडपीठाकडे अर्ज करता येतो. कर्नाटकासाठी ते कोचीचे खंडपीठ आहे. कोल्हापूर आपल्याला तासाभरावर असले तरी निव्वळ त्या जवळिकीवर मुंबईच्या खंडपीठात जाता येणार नाही. अंतिम आदेश हाती आल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा, आणि त्याआधी वरिष्ठांकडे तक्रार केल्याची पोच जवळ ठेवावी.

भावाला आज रात्री फोन कराल तेव्हा त्याला सांगा की चारही नोंदींच्या तारखा, त्या दिवशी पेशीला कोण हजर होते, आणि त्याला काय विचारले गेले व त्याने काय उत्तर दिले, हे आठवेल तसे मराठीतच एका वहीत लिहून काढ. भाषांतर आम्ही करू.